“त्या विद्यापीठात गेली तर पोरगी हाताबाहेर जाईल का?”

प्रवेशाचे दिवस आले की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांची एक काळजी ठरलेली असते. विद्यापीठाचं नाव तेवढं बदलतं. कुणाला पुण्याच्या मोकळ्या वातावरणाची धास्ती, कुणाला मुंबईची. पण दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, म्हणजे जेएनयू, म्हटलं की ही काळजी टोकाला जाते. गेल्या काही वर्षांत इतक्या घरांतून ती ऐकली आहे की एका कुटुंबाचा अनुभव इथे सविस्तर सांगावासा वाटतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

कुटुंब कराडकडचं. वडील साखर कारखान्यात नोकरीला, आई अंगणवाडी सेविका. मुलगी समाजशास्त्रात बी.ए. झालेली. सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा देऊन जेएनयूत एम.ए.ला नंबर लागलेला. फी भरायची मुदत जवळ आलेली आणि घरात बापलेकीचा अबोला.

“मॅडम, तिथं पोरं शिकत नाहीत, नुसत्या घोषणा देतात,” वडील म्हणाले. “दहा-दहा वर्षं हॉस्टेल सोडत नाहीत. आणि देशाच्या विरोधात बोलायला शिकवतात म्हणे.”

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सगळेच म्हणतात. टीव्हीवर दिसतंच की.”

असं उत्तर मी कधी झटकून टाकत नाही. फेब्रुवारी २०१६मध्ये तिथल्या विद्यार्थी नेत्यांना देशद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि पुढे कित्येक दिवस त्या विद्यापीठाशिवाय बातम्यांत दुसरं काही नव्हतं. ५ जानेवारी २०२०च्या संध्याकाळी तोंडं झाकलेल्या जमावाने आवारात शिरून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना मारहाण केली. हे पाहिलेल्या बापाला लेकीची काळजी वाटणारच. पण १९६९पासून चालू असलेल्या विद्यापीठाचं आख्खं चित्र त्याच्या मनात या दोन-चार दिवसांवरून तयार झालेलं असतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीवर माझी भिस्त आहे. घटनेपेक्षा आपण तिला दिलेला अर्थ आपल्याला जास्त छळतो, असं ते मांडत. म्हणून मी आधी तो अर्थ उलगडायला घेते.

आम्ही त्यांचं एकेक वाक्य घेतलं. दहा वर्षं हॉस्टेल न सोडणाऱ्यांचं काय? एम.ए.ची दोन वर्षं, पुढे पीएच.डी.ची किमान तीन. तिशीला आलेला तो मुलगा बहुतेक वेळा संशोधक असतो. नुसत्या घोषणा? त्याच आवारात जैवतंत्रज्ञान आहे, भौतिकशास्त्र आहे, २०१८पासून इंजिनिअरिंगही आहे. देशाच्या विरोधात बोलणारे, एकाच विचाराचे लोक? भाजपच्या निर्मला सीतारामन, भाजपचेच एस. जयशंकर आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सीताराम येचुरी, तिघंही तिथलेच विद्यार्थी.

मग मी विचारलं, “तुमच्या नात्यात सैन्यात कुणी आहे का?”

त्यांचा चेहरा उजळला. चुलतभावाचा मुलगा खडकवासल्याला, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत होता.

“त्याला पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार, ठाऊक आहे? जेएनयूची. तिथल्या कॅडेट्सना हेच विद्यापीठ पदवी देतं.”

त्यांचा विश्वास बसेना. “भावाला विचारतो,” म्हणाले. पुढच्या भेटीला विचारूनच आले. “खरंय तुमचं.” आणि लगेच, “पण तरीही पोरीला नको.”

सगळ्या शंका फिटल्यावरही नकार तसाच राहतो, तेव्हा खरी भीती दुसरीकडे असते, हे मला इतक्या वर्षांच्या कामातून पक्कं कळलेलं आहे. अशा वेळी आणखी माहिती देणं मी थांबवते.

“समजा, तिथं एकही मोर्चा निघत नाही. सगळी मुलं दिवसभर लायब्ररीत असतात. मग पाठवाल?”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग मान हलवली. “नाही.”

“मग कशाची भीती वाटते?”

“ती लई शिकून येईल, मॅडम. मग माझ्याशी बोलायला तिच्याकडं काय राहील? आत्ताच म्हणते, ‘बाबा, तुम्हाला नाही कळायचं.’”

मुलगी शेजारीच बसली होती. तिने बापाकडे असं पाहिलं की हे तिच्या स्वप्नातही नव्हतं, हे सांगावं लागलं नाही. तोवर गप्प असलेली आई तेव्हा बोलली, “मग हे तिला सांगायचं ना! त्या विद्यापीठाला कशाला शिव्या घालताय?”

माझ्या मते त्या घराचा प्रश्न तिथेच सुटला. ‘कशाची भीती वाटते?’ हे नेमक्या वेळी विचारता आलं, याचं समाधान मला आजही आहे.

मुलीशी मात्र वेगळं बोलावं लागलं. “मला तिथल्या मुलींसारखं व्हायचंय,” ती म्हणाली. कशा असतात त्या, विचारल्यावर म्हणाली, “बिनधास्त. फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या.” आणि मग हळूच, “मी तशी नाही. मला हसतील.” बापाचं भूत आणि लेकीची परी, दोन्ही एकाच कापडातून बेतलेली होती. मी तिला सांगितलं की मागास जिल्ह्यांतल्या मुलांना प्रवेशात जादा गुण देण्याची रीत या विद्यापीठाने अनेक वर्षं पाळली. बिहार-ओडिशाच्या खेड्यांतून आलेली, घरातली पहिलीच शिकणारी मुलं तिथे भेटतील. इंग्रजीत त्यांचीही तुझ्यासारखीच अडखळ होत असेल. विद्यार्थी संघटनेची निवडणूक विद्यार्थी स्वतः घेतात, अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा वादविवाद रात्री उशिरापर्यंत रंगतो. कुणी त्यात रमतं, कुणी तिकडे फिरकतही नाही. तू काय करायचंस ते तिथे गेल्यावर ठरव. आत्तापासून कुणाची नक्कल बसवू नकोस.

पालकांना माझं सांगणं असतं की “राजकारणात पडणार नाहीस” अशी शपथ मुलांना घालू नका. शपथ घातली की मूल लपवायला शिकतं. त्यापेक्षा महिन्याला पैसे किती, आजारी पडली तर आधी फोन कुणाला, दिवाळीचं तिकीट कधी काढायचं, हे बसून ठरवा. सोडायला स्वतः जा. या आईवडिलांनी ते केलं. तिथल्या वसतिगृहांना नद्यांची नावं आहेत आणि त्यात मुलींचं एक ‘कोयना’ आहे, हे कळल्यावर आई म्हणाली, “म्हणजे एवढ्या लांब जाऊन कोयनेच्या काठीच की!”

आणि काय शिकतेस ते विचारत राहा. कळणार नाही असं धरून गप्प बसू नका. या मुलीला पहिल्याच सत्रात ऊसतोड कामगारांवर निबंध लिहायचा होता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, कशी फिटते आणि एका कोयत्याचा, म्हणजे ऊसतोड करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीचा, हिशेब कसा धरतात, हे तिने रविवारच्या फोनवर बाबांकडूनच समजून घेतलं.

लक्ष ठेवायचंच असेल तर कुर्त्यावर आणि केसांवर ठेवू नका. झोप उडाली आहे का, जेवण सुटलं आहे का, फोन टाळतेय का, तास सतत बुडतायत का, पैशांची मागणी अचानक वाढली आहे का, हे पाहा. यातलं काही दोन-तीन आठवडे टिकलं तर फोनवर खडसावत बसू नका. गाडी पकडा, तिला भेटा आणि तिथल्या डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे सोबत जा.