रोहित्र डिझेल पीत नाही

दादरच्या एका ताईंनी सोसायटीच्या नोटिशीचा फोटोच पाठवलाय: 'रोहित्रातील डिझेल संपल्याने आज लिफ्ट बंद राहील.' त्या विचारतात, रोहित्र आणि जनित्र एकच का? आणि जनित्र हे जनरेटरचंच मराठी सोंग का?

एकच कसं असेल हो! डिझेल पितं ते जनित्र. रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर. त्यातही तेल असतं, पण गार ठेवायला, जाळायला नव्हे. ही गल्लत मी महिन्यातून दोनदा तरी ऐकतो. जनित्रात इंजिन चुंबक गरगर फिरवतं आणि भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांत वीज उमटते. फॅरडेने १८३१ साली दाखवलेलं तत्त्व हेच. चार ध्रुवांचा चुंबक मिनिटाला १५०० फेरे मारतो, तेव्हा घरात ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनांची वीज मिळते. झालं.

आता सोंगाचं. जनरेटरमागचा लॅटिन क्रियाधातू आणि आपला संस्कृत 'जन्' (जन्मणं) हे मुळात चुलतभाऊ, त्यामुळे चेहरा जुळणारच. गंमत पुढे आहे. खणायचं ते खनित्र, कापायचं ते लवित्र म्हणजे विळा, होडी वल्हवायचं ते अरित्र. सोम गाळायची गाळणी ती 'पवित्र'; श्राद्धात बोटात घालतात ते दर्भाचं पवित्रकही त्याच घरातलं. म्हणून कोशवाले छातीठोक सांगतात, 'इत्र' म्हणजे साधन, पाणिनीचं सूत्र आहे. आहे ना, अष्टाध्यायीत ३.२.१८४! उघडून बघा. सात धातू दिलेत, त्यात 'जन्' नाही. कुणी तर 'जन-यंत्र'चा अपभ्रंश सांगतात, त्यांना नमस्कार.

माझं म्हणणं, जनित्र हे हत्यार नव्हेच, ती जागा आहे. ऋग्वेदाच्या अश्वसूक्तात (१.१६३) घोड्याचं 'परमं जनित्रम्' येतं, म्हणजे त्याचं थोर जन्मस्थान. तो अर्थ धरला तर मुंबईच्या गिरण्यांच्या विजेचं जनित्र खोपोली! लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून टाटांनी १९१५ साली तिथे वीज काढली. एका शब्दात यंत्रही आणि माहेरही.

रोहित्राचं राहिलंच. 'रुह्' म्हणजे चढणं. आणि नाक्यावरचं रोहित्र करतं काय, तर ११,००० व्होल्टचे ४१५ करतं. नाव चढवणारं, काम उतरवायचं! यावर सविस्तर लिहायचंय, पण ताई बहुधा अजून जिन्यातच असतील.