वाचकांचे प्रश्न : टर्बो, रिमॅप आणि वापरलेल्या ऑइलचा रिपोर्ट

प्रश्न : माझी १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल) ऑक्टाव्हिया स्टेज १ रिमॅप केलेली आहे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली आहे. ५डब्ल्यू-४० ऑइल ६,००० किलोमीटर चालल्यावर तपासायला पाठवलं. रिपोर्ट : लोखंड २६, अ‍ॅल्युमिनियम ११, तांबं ५, शिसं १, सिलिकॉन ३४ पीपीएम (दहा लाखांत भाग), १०० अंशांना विस्कॉसिटी (घट्टपणा) ११.२ सेंटिस्टोक, फ्लॅश पॉइंट (ऑइलची वाफ पेट घेण्याचं तापमान) १७६ अंश, टीबीएन (ऑइलची आम्ल मारण्याची उरलेली क्षमता) ४.३. खाली शेरा ‘नॉर्मल’. म्हणजे रिमॅपमुळे इंजिनाला काही झालेलं नाही ना?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : तसं म्हणता येत नाही. ‘नॉर्मल’ हा शेरा बहुतेक वेळा सर्वसाधारण मर्यादांवरून पडतो. तुमच्या इंजिनाचा बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवलेला आहे हे त्या मर्यादांना ठाऊक नसतं. शेरा सोडा, आकडे बघू.

आधी विस्कॉसिटी. ४० ग्रेडचं ऑइल १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकमध्ये असायला हवं. तुमचं ११.२ वर आहे, म्हणजे चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) आता ३० ग्रेडचं ऑइल फिरतंय. ऑइल असं पातळ होण्याची दोन कारणं : त्यातलं घट्टपणा टिकवणारं पॉलिमर घासून तुटणं किंवा पेट्रोल मिसळणं. निकाल फ्लॅश पॉइंट देतो. पॉलिमर तुटलं तर तो फारसा हलत नाही, पेट्रोल आलं की कोसळतो. या जातीच्या कोऱ्या ऑइलचा फ्लॅश पॉइंट साधारण २२० अंशांच्या वर असतो. तुमचा १७६ आहे. पेट्रोलच आहे. पुढच्या वेळी गॅस क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीने) पेट्रोलची टक्केवारी काढून मागा. २ टक्क्यांच्या वर गेलं तर कारण शोधा, ५ टक्क्यांजवळ पोचलं तर किलोमीटर न मोजता ऑइल बदला.

हे पेट्रोल येतं कुठून? या इंजिनात ते थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. रिमॅपमध्ये बूस्टखाली पेट्रोल-हवेचं मिश्रण जास्त दाट (पेट्रोल जास्त) ठेवलं असेल तर न जळलेलं पेट्रोल लायनरवरून रिंगांच्या वाटेने खाली उतरतं. त्यात गाडी रोज फक्त विजयनगर ते राजवाडा एवढीच फिरत असेल, तर ते उडून जायला ऑइल पुरेसं तापतच नाही. गळका इंजेक्टर किंवा हाय प्रेशर पंपाचं खराब सील हीसुद्धा कारणं असतात, आणि मग रिमॅपला विनाकारण दोष लागतो.

घरी करण्याजोगी तपासणी अशी. ऑइल बदलण्याच्या आदल्या दिवशी इंजिन पूर्ण तापवून आयडलवर ठेवा आणि स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) लिहून घ्या. ऑइल बदलल्यावर तेवढ्याच तापमानाला पुन्हा बघा. आधी ट्रिम बरीच उणे होती आणि नव्या ऑइलवर शून्याकडे सरकली, तर ऑइलमधल्या पेट्रोलची वाफ ब्रीदरमधून (चेंबरमधली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये जात होती. मग ट्यूनरकडून बूस्टखालच्या एअर-फ्युएल रेशोचा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा) लॉग, म्हणजे गाडी चालताना नोंदवलेले आकडे, मागा. लॉग दाखवायला जो तयार नसेल त्याच्याकडे गाडी पुन्हा नेऊ नका. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढताना दिसली तर गाडी चालवूच नका, आधी पंप आणि इंजेक्टर तपासा.

आता सिलिकॉन. तो एकटाच वाढला असता तर चेंबर किंवा व्हॉल्व्ह कव्हर बसवताना लावलेल्या सीलंटवर संशय घेतला असता. तुमच्याकडे त्याच्यासोबत लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमही वर आहे. ही धूळ आहे, आणि ती लायनर-पिस्टन घासतेय. तेल लावलेला कापडी कोन एअर फिल्टर बसवला असेल तर काढून कंपनीचा कागदी फिल्टर आणि बंद एअरबॉक्स परत लावा. उन्हाळ्यातल्या माळव्याच्या धुळीपुढे त्या कोनाचा आवाजाखेरीज काही उपयोग नाही. फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा पाइप काढून आतून पांढरं कापड फिरवा. कापडावर मातीचा करडा थर आला तर क्लॅम्प, रबर पाइपच्या भेगा आणि एअरबॉक्सच्या झाकणाची बैठक तपासा.

टीबीएन ४.३ ठीक आहे. तांबं-शिसं कमी आहे, पण तेवढ्यावर बेअरिंग शाबूत आहेत असं धरू नका : आजकालची बरीच बेअरिंग शिशाविना बनतात. तूर्त ५,००० किलोमीटरला ऑइल बदला, ग्रेड तीच ठेवा. १०डब्ल्यू-६० टाकलं की विस्कॉसिटीचा आकडा वर दिसेल, पेट्रोल मात्र येतच राहील.

प्रश्न : नमुना नेमका कसा काढायचा? गॅरेजवाला म्हणतो, ट्रेमधून बाटली भरून देतो.
— एक वाचक, स्नेहलतागंज

उत्तर : ट्रेमधून मुळीच नको. त्यात आधीच्या दहा गाड्यांचं ऑइल आणि ब्रेक क्लीनर असतं. गाडी वीसेक मिनिटं रस्त्यावर चालवून आणा. नुसतं आयडलवर तापवून भागत नाही. चेंबरच्या नटाभोवतीची माती पुसा, हातमोजे घाला, नट काढा. पहिलं लिटरभर वाहू द्या, मग मधल्या धारेत प्रयोगशाळेची १००-१२० मिलीची बाटली धरून पाऊण भरा. शेवटचा गाळ घेऊ नका. औषधाची किंवा पाण्याची बाटली धुऊनसुद्धा चालत नाही. आणि नमुन्याआधी इंजिन फ्लश टाकू देऊ नका, नाहीतर रिपोर्ट फ्लशचा येईल.

चिठ्ठीवर ऑइलचा ब्रँड, ग्रेड, ऑइलचे आणि गाडीचे किलोमीटर, आणि मध्ये किती टॉप-अप केलं ते लिहा. हा शेवटचा तपशील हमखास राहतो. पाच लिटरमध्ये एक लिटर नवं पडलं की झीज लपते. सोबत त्याच कॅनमधल्या कोऱ्या ऑइलचा नमुनाही एकदा पाठवा. काही ऑइलमध्ये कूलंटसारखंच सोडियम किंवा बोरॉन मुळातच असतं, आणि कोरा आकडा हाताशी नसला की कूलंट गळतंय म्हणून हेड गास्केट उघडलं जातं. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची निवडा. पीथमपूरच्या कारखान्यांत गिअरबॉक्स-कंप्रेसरचं ऑइल तपासून घेणारे मेंटेनन्सवाले पत्ता सांगू शकतील.

प्रश्न : बाहेरचा ऑइल कूलर बसवल्यावर रिपोर्टमधलं तांबं ७ वरून थेट ६२ झालं. बेअरिंग गेलं का?
— एक वाचक, महू

उत्तर : शिसं, कथील आणि लोखंड जागच्या जागी असेल तर घाबरू नका. काही कूलरांत तांब्याचं ब्रेझिंग (झाळून केलेले जोड) असतं आणि नव्या कूलरमधून तांबं ऑइलमध्ये उतरतं. पुढच्या दोन बदलांत आकडा घसरायला हवा. घसरला नाही, किंवा सोबत कथील वाढलं, तर टर्बोच्या शाफ्टचा प्ले (ढिलेपणा) बघा.

प्रश्न : रिपोर्ट चांगला असेल तर बूस्ट आणखी वाढवायला हरकत नाही ना?
— एक वाचक, भंवरकुआं

उत्तर : हरकत आहे. ही तपासणी साधारण पाच-आठ मायक्रॉनपर्यंतचे कण मोजते. बेअरिंगचा पापुद्रा सुटला किंवा पिस्टनचा तुकडा उडाला, तर ते कण एवढे मोठे असतात की यंत्र त्यांना धड मोजतच नाही. नॉकिंगही (सिलिंडरमध्ये मिश्रण अवेळी भडकणं) रिपोर्टमध्ये वेळेवर दिसत नाही. त्यासाठी इग्निशन रिटार्डचा (नॉकिंग टाळायला कॉम्प्युटर ठिणगी किती उशिरा टाकतो त्याचा) लॉग हवा, तोही मे महिन्याच्या दुपारी धामनोदकडून मानपूरचा घाट चढताना घेतलेला. ऑइल एपीआय एसपी (अमेरिकी पेट्रोलियम संस्थेने ठरवलेल्या) दर्जाचं असेल तर कमी आरपीएमवर जोरात बूस्ट मागितल्यावर होणाऱ्या प्री-इग्निशनचा (ठिणगीआधीच पेट घेण्याचा) धोका कमी होतो, संपत नाही.

मोठे कण बघायचे तर दर बदलाला जुना ऑइल फिल्टर कापून बघा. करवतीने नको, तिचाच चुरा आत पडतो. फिल्टर कटर वापरा. कागदाच्या घड्या पक्कडीत दाबून ऑइल पिळा, पांढऱ्या कागदावर पसरा आणि उन्हात तिरप्या उजेडात बघा. चुंबकाला चिकटेल ते लोखंड. न चिकटणारी पिवळसर चमक दिसली तर टर्बो किंवा बेअरिंग, आणि रुपेरी पापुद्रे दिसले तर चेंबर उतरवेपर्यंत गाडी सुरू करू नका.