एफवायचा वर्ग ताब्यात राहत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात तासिका तत्त्वावर नुकतेच लागलाय, एफवाय बीकॉमला ऐंशी-नव्वद पोरं आहेत, मागचे बाक गप्पांत, पुढचे मोबाईलमध्ये, आणि ओरडून घसा बसलाय. मी सांगलीत अकाउंट्स शिकवतो, तेव्हा चित्र ओळखीचं आहे.

ओरडणं बंद करा. आवाज चढला की पोरं दोन मिनिटं गप्प बसतात आणि सर कुठवर तापतात याचा अंदाज घेतात. ७५ टक्के हजेरीची धमकीही नको. ते तुमच्या हातात नाही, हे पोरांना तुमच्याआधी कळलेलं असतं.

त्यापेक्षा हाताला काम द्या. फळ्यावर लिहा: ‘दुकानाचं भाडं ६,००० रुपये रोख दिलं.’ जर्नल एन्ट्री, म्हणजे व्यवहाराची डेबिट-क्रेडिट नोंद, प्रत्येकाने वहीत करायची, मग शेजाऱ्याशी ताडून बघायची. भाडं डेबिट, रोख क्रेडिट, एवढंच. पण निम्मी पोरं उलटं लिहितात आणि शेजाऱ्याशी भांडायला लागतात. हा गोंधळ चालू द्या. तेवढ्यात तुम्ही मागच्या बाकांपर्यंत एक चक्कर मारा. हातात पेन असलं की मोबाईल आपोआप खाली जातो.

मग विचारा. आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे सुटले! मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या सुमारास शाळांतल्या विज्ञानाच्या तासांच्या टेप ऐकल्या, तेव्हा शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबलं की उत्तरं मोठी आणि बरी येतात. अर्थात फळ्यापुढे ते तीन सेकंद काढताना जीव नको होतो. नावं मात्र पाठ हवीत; ‘ए निळा शर्ट’ म्हटलं की वर्ग हसतो आणि तास गेला.

उशिरा येणाऱ्यांना दार लावू नका. मेढ्याची एसटी चुकली तर पोरगी काय करणार? दाराजवळचा बाक मोकळा ठेवा, न विचारता येऊन बसायचं. खरा व्यत्यय त्या ‘मे आय कम इन सर’चाच असतो.

डुलक्या घेणाऱ्याला वर्गात उठवून बोलू नका. सातारा म्हणजे कर्मवीरांच्या ‘कमवा आणि शिका’चं गाव, तो पहाटे दूध घालून आला असेल. तास संपल्यावर बाहेर विचारा. मुद्दाम त्रास देणाऱ्यालाही तिथेच गाठा, चारचौघांत कुणी माघार घेत नाही. तरीही नाही ऐकलं, तर एचओडींच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या, कानावर वेळीच घाला, आणि तेही लेखी.