बॅस्टिल पडला, तरी राजा तीन वर्षं गादीवर कसा?

प्रश्न: मुलगी नववीत आहे. तिच्या पुस्तकात फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात १४ जुलै १७८९ ला बॅस्टिल (पॅरिसचा तुरुंगवजा किल्ला) पडला आणि जानेवारी १७९३ मधे राजाचं डोकं उडवलं एवढंच कळतं. मधली साडेतीन वर्षं राजा करत काय होता? लोकांनी लगेच का नाही हाकलला?
– एक पालक, सांगली

उत्तर: कारण हाकलायचं जवळजवळ कुणाच्या मनातच नव्हतं हो. १७८९ च्या मे मधे पॅरिसजवळ व्हर्सायला, राजा राहायचा तिथे, पाद्री, सरदार आणि सामान्य लोक यांच्या प्रतिनिधींची इस्टेट्स जनरल ही सभा भरली ती खुद्द लुई सोळाव्यानेच बोलावली होती, तीही १६१४ नंतर पहिल्यांदा, कारण तिजोरीत खडखडाट, कर्जाचं व्याज भरता भरता नाकी नऊ आलेले, आणि सरदार-पाद्री मंडळी आपल्या करसवलती सोडायला राजी नाहीत. सामान्य लोकांच्या प्रतिनिधींना हवी होती राज्यघटना. राजा राहू दे, पण कायद्याच्या चौकटीत राहू दे, इतकंच. ऑक्टोबरमधे पॅरिसच्या बायका पावासाठी भर पावसात चालत व्हर्सायवर गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला बायकापोरांसकट पॅरिसला घेऊनच आल्या, तेव्हासुद्धा ओरडत काय होत्या तर बेकर, बेकरीण आणि बेकरचं पोर आणलं म्हणून! म्हणजे राग होता, पण हा आपलं पोट भरेल ही आशापण होती.

माझं विचाराल तर राजेशाही खरी मेली ती २० जून १७९१ च्या रात्री. त्या रात्री राजा सहकुटुंब वेष बदलून पळाला. मुलांना सांभाळणारी बाई झाली रशियन सरदारीण, राजा झाला तिचा नोकर, आणि युवराजाला घातला मुलीचा फ्रॉक. गाडी केवढी तर भलीमोठी, जड, रस्त्यात उशीरच उशीर. सँत-मेनूल्ड गावच्या टपालचौकीवरच्या द्रुए नावाच्या माणसाने राजाला ओळखलं, तो घोड्यावर पुढे धावला आणि वारेन गावात गाडी अडवली. सरहद्द आता फार लांब नव्हती. रात्र काढली एका वाण्याच्या घरी. राजाला परत आणलं तेव्हा पॅरिसमधे फलक लावलेले, जो टाळ्या वाजवेल त्याला फटके, जो शिवी देईल त्याला फाशी. लोक डोक्यावरच्या टोप्याही न काढता गप्प उभे.

आणि गंमत बघा, जाताना राजा स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद मागे ठेवून गेला होता की गेल्या दोन वर्षांत मी जे मान्य केलं ते सगळं दबावाखाली, तरीपण संसदेने (म्हणजे त्याच इस्टेट्स जनरलमधून झालेल्या राष्ट्रीय सभेने) काय जाहीर केलं, तर म्हणे राजाला पळवून नेलं होतं! कारण घटना तयार होत आली होती आणि राजाशिवाय ती चालवायची कशी हे कुणालाच सुचत नव्हतं. १७ जुलैला पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानात लोक राजाविरुद्धच्या अर्जावर सह्या करायला जमले तर सेनानी लाफायेतच्या नॅशनल गार्डने, म्हणजे नागरिकांच्याच फौजेने, त्यांच्यावरच गोळ्या झाडल्या. सप्टेंबरमधे राजाने घटनेची शपथ घेतली, पण विश्वास उडाला तो उडालाच. पुढच्या एप्रिलमधे ऑस्ट्रियाशी युद्ध सुरू झालं, फ्रेंच फौज हरायला लागली, राजा शत्रूला सामील आहे हा संशय पक्का झाला आणि १० ऑगस्ट १७९२ ला लोकांनी राजाच्या पॅरिसमधल्या त्युइलरी राजवाड्यावर हल्ला केला. २१ सप्टेंबरला राजेशाही रद्द. मग खटला, त्यात मतं दिलेल्या ७२१ जणांपैकी ३६१ जण विनाअट देहदंडाच्या बाजूने, आणि त्यात राजाचा सख्खा नसला तरी जवळचा भाऊबंद फिलिप होता. पुढे त्याचीही मान गिलोटिनखालीच गेली ती गोष्ट वेगळी.

प्रश्न: राजा गेल्यावर एक नीट सरकार का नाही बसलं? सारखं नवीन काहीतरी.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: बाहेर युद्ध, आत बंडाळी, कागदी नोटांची किंमत घसरलेली आणि पाव महाग, यात कुठलं सरकार बसणार? १७९३ ची घटना कागदावर एकदम झकास, सगळ्या पुरुषांना मत (बायकांना नाही, त्यांना हक्क मिळायला १९४४ उजाडलं), पण शांतता आल्यावर लागू करू म्हणून पेटीत ठेवली ती कायमचीच. प्रत्यक्ष कारभार पाहिला सार्वजनिक सुरक्षा समितीने, म्हणजे रोबेस्पिअर आणि मंडळींनी, आणि जुलै १७९४ मधे त्याच्याच सहकाऱ्यांनी जिवाच्या भीतीने त्याला संपवलं. पुन्हा एकाच्या हातात सत्ता नको म्हणून १७९५ मधे पाच डायरेक्टर नेमले आणि दोन सभागृहं केली. कल्पना वाईट नव्हती, पण निवडणुकीचा निकाल पटला नाही की हे लोक तो रद्द करायचे आणि त्यासाठी लष्कर बोलवायचे. लष्कराला सवय लागली! नोव्हेंबर १७९९ मधे सेनापती नेपोलियन सत्तेवर आला आणि १८०४ ला सम्राटच झाला.

प्रश्न: पाव नसेल तर केक खा, असं राणी खरंच म्हणाली का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: पुरावा नाही. ही गोष्ट राणी मारी आंत्वानेत १७७० मधे फ्रान्सला यायच्या आधीच कुठल्यातरी अनाम राजकन्येच्या नावावर लिहिली गेली होती. तिने फ्रान्सचे लढाईचे बेत ऑस्ट्रियाला कळवल्याचा आरोप मात्र खरा होता.