पाऊस सरासरीइतका झाला तरी पीक का घटतं?

तुम्ही विचारलंय, "हवामान खातं म्हणतं पाऊस सरासरीइतका झाला, शेतकरी म्हणतात पीक गेलं. खोटं कोण बोलतंय?" कुणीच नाही. माझं भाताचं रान बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूर शिवारात आहे, तिथलंच सांगतो.

आमची जमीन काळी, भारी. इथं भाताची धूळवाफ पेरणी होते. वळिवावर रान तयार करायचं, मे अखेरीला कोरड्या मातीत कुरीनं बी टाकायचं आणि मिरगाची वाट बघायची. म्हणजे भाताला पाऊस लागतो खरा, पण पेरताना आठ-पंधरा दिवस तो नको असतो. 2025 ला मोसमी पाऊस 24 मे रोजीच केरळात पोहोचला आणि आमच्याकडं मे महिन्यातच चिखल झाला. कुरी घालायला वाफसाच, म्हणजे माती पेरणीजोगी सुकलेलीच, मिळेना. पाऊस लवकर आला म्हणून पेरणी लांबली, हे पुण्याच्या पाव्हण्यांना पटवताना माझी दमछाक होते.

2023 ला उलटं. जून रिकामा गेला, जुलैच्या उत्तरार्धात झोडपून काढलं आणि ऑगस्टात पुन्हा गायब. प्रशांत महासागरात एल निनो होता. देशभरासाठी तो 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. ऑगस्टात आमचं भात फुटव्यावर असतं, म्हणजे बुडातून नव्या काड्या फुटत असतात. रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, फुटवे थांबले. पुढं सप्टेंबरात सरी आल्या तेव्हा झाडांनी उशिराचे फुटवे काढले आणि एकाच वाफ्यात अर्ध्या लोंब्या पिवळ्या, अर्ध्या हिरव्या. आता कापायचं कधी? लवकर कापलं तर हिरवे दाणे पोचट, थांबलं तर पिकलेले झडतात. त्या जुलैचा धो धो पाऊस वर्षाच्या बेरजेत मात्र इमानदारीनं धरला जातो.

2019 चा ऑगस्ट तर सगळ्यांच्याच लक्षात असेल. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात पसरलं आणि लवकर उतरलंच नाही. भात पाण्यातलं पीक, त्याला काय होतंय, असं लोक म्हणतात. मुळं पाण्यात चालतात हो, शेंडा चालत नाही. पान पूर्ण बुडालं की हवा तुटते, गढूळ पाण्यात उजेडही पोचत नाही आणि आठवड्याभरात रोप कुजायला लागतं.

पावसाखेरीज रात्रीची उष्णता हाही एक भाग आहे, त्याकडं फारसं कुणी बघत नाही. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतातल्या 1992 ते 2003 च्या नोंदींत, कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान एक अंशानं वाढलं की भाताचं उत्पादन साधारण 10 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. रात्र गरम असली की झाड दिवसा साठवलेलं अन्न श्वसनातच जास्त खर्च करतं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

तुम्ही अभ्यासासाठी विचारत असाल तर जिल्ह्याची सरासरी बाजूला ठेवा. मलप्रभेच्या उगमाजवळ कणकुंबीला पाऊस हजारो मिलिमीटर, अथणीकडं पाचशे-सहाशेच्या घरात. दोन्ही बेळगाव जिल्ह्यातच. कर्नाटकात राज्याच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राची ग्रामपंचायतींपर्यंत पर्जन्यमापकं आहेत. तिथले रोजचे आकडे काढा आणि पावसात खंड किती दिवसांचा पडला, पीक तेव्हा कुठल्या अवस्थेत होतं, एवढंच जुळवून बघा.

आणि हो, भातामागून येणारं पीकही त्यात धरा. कापणी झाली की राहिलेल्या ओलीवर आम्ही मसूर पेरतो, त्याला वेगळं पाणी देत नाही. 2023 ला भात निघायला उशीर झाला, तोवर वरची ओल उडालेली. मसूर उगवला, पण वीतभरच राहिला. जानेवारीत काढला तेव्हा बियाण्यापुरता निघाला.