मधोमध खड्डा पडतो, काय करू?

यावेळच्या पत्रांमधली निम्मी केकचीच होती आणि जवळजवळ सगळी पहिल्यांदा करणाऱ्यांची, म्हणून हा महिना फक्त केक.

प्रश्न : ताई, नातवाच्या वाढदिवसाला आयुष्यात पहिल्यांदा केक केला. ओव्हन नाहीये, कुकरमध्येच केला. पंधरा मिनिटांनी झाकण उघडून बघितलं तर मस्त फुगलेला, पण बाहेर काढला तेव्हा मधोमध खड्डा आणि आतून चिकट. मैदा, साखर वाटीने मोजून घेतलेली, बेकिंग पावडर एक चमचा. परत केला तर परत तेच. – सोलापूर

उत्तर : काकू, तुमच्या पत्रातच दोन्ही कारणं आहेत बघा. एक म्हणजे ते झाकण. पंधराव्या मिनिटाला केक फुगलेला दिसतो पण तो शिजलेला नसतो, आत नुसते हवेचे बुडबुडे असतात आणि त्यांच्या भोवतीचं पीठ अजून ओलंच, ते घट्ट व्हायच्या आत तुम्ही झाकण काढलंत की गरम हवा भसकन बाहेर जाते, बुडबुडे आकसतात आणि मधला भाग, जो सगळ्यात शेवटी शिजतो, तोच खाली बसतो. पहिली तीस मिनिटं झाकणाला हातच लावायचा नाही, कितीही वाटलं तरी. वास सुटला, कडा भांड्यापासून जरा सुटल्या की मगच मधोमध टूथपिक किंवा विणायची सुई घालून बघा, ओलं पीठ चिकटून आलं तर अजून पाच-सात मिनिटं.

दुसरं कारण चमचा. वाटी कुठलीही घ्या, मैदा, साखर, दही सगळं त्याच वाटीने घेतलं तर प्रमाण बरोबर राहतं. पण पावडरीला ते लागू नाही हो! रेसिपीतला एक चमचा म्हणजे ५ मिली, आपण पोहे खायला घेतो तो चमचा त्याहून बराच मोठा असतो आणि आपण शीग लावून भरतो, म्हणजे पावडर दुप्पटसुद्धा पडू शकते. जास्त पावडर म्हणजे जास्त फुगेल असं वाटतं ना, तर तो भराभर फुगतो, ते फुगणं पेलायला पीठ तयार नसतं आणि मग बसतो. मापाच्या चमच्यांचा सेट स्वस्तात मिळतो, केकसाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर तीच घ्या. आणि वाटी रेसिपीतल्या कपापेक्षा लहान असेल तर पावडरही त्या मानाने कमी, कप २४० मिलीचा असतो.

प्रश्न : घरात अंडं चालत नाही, आजीचा पंच्याहत्तरावा आहे. एकदम सोपा, चुकणार नाही असा केक सांगाल का? – नाशिक

उत्तर : दह्याचा कर गं. हा मी इतक्या जणींना सांगितलाय आणि पहिल्याच वेळी जमतो. दीड कप मैदा, एक कप ताजं घट्ट दही, पाऊण कप साखर, अर्धा कप बिनवासाचं तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, एक चमचा व्हॅनिला. दही रूम टेंपरेचरला आलेलं हवं, फ्रिजमधलं गार नको.

आता क्रम महत्त्वाचा. पीठ कालवायच्या आधी कुकर तापत ठेवायचा आणि भांड्याला तेल लावून मैदा भुरभुरून तयार ठेवायचं, कारण सोडा दह्यातल्या आंबटपणाला भेटला की लगेच फसफसायला लागतो, तो तुझ्यासाठी थांबत नाही. दही-साखर साखर विरघळेपर्यंत फेट, त्यात सोडा आणि पावडर घालून पाच मिनिटं ठेव, वर फेस आलेला दिसेल. फेस नाही आला तर सोडा आणि पावडर जुनी झालीये, तिथेच थांब आणि नवीन आण, म्हणजे निदान मैदा आणि तेल तरी वाया जात नाही. मग तेल, व्हॅनिला, आणि चाळलेला मैदा दोन-तीन वेळा करून. मैदा पडला की फेटणं बंद! हलक्या हाताने फक्त मिसळायचं, बारीक गुठळी राहिली तरी चालेल, जास्त घोटलं की मैद्याला चिवटपणा येतो, पोळीच्या कणकेला आपण मुद्दाम मळून आणतो ना तोच, आणि केकला तो नको असतो. सात इंची भांड्यात ओव्हनला १८० अंश सेल्सिअसवर ३५-४० मिनिटं, कुकरमध्ये थोडा जास्त वेळ. काढल्यावर दहा मिनिटं भांड्यातच, मग जाळीवर, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नकोस.

प्रश्न : कुकरमध्ये केक खालून करपतो आणि वरून पांढराफटकच राहतो. – कराड

उत्तर : कुकरला धग फक्त खालून मिळते म्हणून. गोव्यात बेबिंका (थराथरांचा गोड केक) करताना प्रत्येक थराला वरून निखाऱ्यांची धग देतात, त्याने वरचा रंग येतो, आपल्या गॅसवर ते होणार नाही, तेव्हा वरचा फिका रंग मान्य करा, चवीला काही फरक पडत नाही. करपणं मात्र थांबवता येतं. जुना कुकर घ्या, शिट्टी आणि रिंग दोन्ही काढा (हे विसरायचंच नाही), तळाला जाड मीठ पसरा, त्यावर स्टँड, भांडं तळाला टेकता कामा नये. पाणी नाही. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून, भांडं ठेवल्यावर आच एकदम बारीक. तरी लागत असेल तर कुकरखाली जुना तवा ठेवा. नॉनस्टिक कढई यासाठी नको, कोरडी तापवली की कोटिंग खराब होतं. मीठ गार करून बरणीत ठेवा, पुढच्या केकला तेच वापरा.

प्रश्न : मैद्याऐवजी रवा घेतला तर? माझा कोरडा ठणठणीत झाला. – ठाणे

उत्तर : बारीक रवा घ्या आणि दह्या-दुधात भिजवून अर्धा तास तरी ठेवा, तो पाणी पितो. गोव्याच्या रवा-खोबऱ्याच्या बाथचं पीठ तर रात्रभर ठेवतात. भिजल्यावर घट्ट वाटलं तर दूध घालून सैल करा आणि सोडा-पावडर अगदी शेवटी, भांड्यात ओतायच्या आधी.

प्रश्न : हॉस्टेलवर साधा मायक्रोवेव्ह आहे, त्यात होईल का? – पुणे

उत्तर : कन्व्हेक्शनचं, म्हणजे ओव्हनसारखं गरम हवेने भाजायचं बटण नसेल तर भाजला जाणार नाही रे, नुसता शिजेल, रंग येणार नाही आणि गार झाला की कडक होईल. मगमध्ये थोडंसं पीठ घेऊन दीड-दोन मिनिटांत करायचा आणि गरम गरमच खायचा, तेवढ्यापुरता ठीक आहे. धातूचं भांडं मात्र त्यात ठेवू नकोस.