मुलगी म्हणते आफ्रिकेवर रिसर्च करणार, पण तिथे काम करतं तरी कोण?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. संगमनेरच्या या ताईंची मुलगी पुण्यात समाजशास्त्रात एम.ए. करतेय, पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजात एका गेस्ट लेक्चरला सेनेगलमधल्या कोडेस्रिया या आफ्रिकन समाजविज्ञान संशोधनाच्या संस्थेबद्दल ऐकून आली आणि तेव्हापासून मी आफ्रिकेवरच रिसर्च करणार असं धरून बसलीये. बाबा आणि मामा दोघंही एमपीएससी म्हणतायत. ताईंनी विचारलंय की अशा संस्थेत माणसं असतात तरी कोण, दिवसभर करतात काय, पोट भरतं का आणि आपल्या मुलीला तिथे कोण विचारणार.

ताई, खरं तर हे तुमच्या मुलीनेच आधी विचारायला हवं होतं. मुलं गेस्ट लेक्चर ऐकतात, मोठ्या प्राध्यापकांची नावं ऐकतात आणि भारावून जातात, पण त्या नावामागे रोजचं काम काय असतं ते कोणी सांगतच नाही.

आधी कोडेस्रिया. १९७३ साली उभी राहिली, ऑफिस सेनेगलच्या राजधानीत, डकारला. सुरुवातीला धुरा होती समीर अमीन यांच्याकडे, कैरोत जन्मलेले अर्थतज्ज्ञ. पुढे १९८५ पासून दहा-अकरा वर्षं थांडिका म्कान्डावीरे, मूळचे मलावीचे, आधी पत्रकार होते आणि मलावीच्या हुकूमशहामुळे कित्येक वर्षं देशाबाहेर राहावं लागलेला माणूस. त्यांचा काळ लक्षात घ्या, जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या अटींमुळे आफ्रिकेतल्या सरकारांनी विद्यापीठांचे पैसे कापले होते, पगार पुरत नव्हते, लायब्ररीत नवीन जर्नल येत नव्हतं, चांगले प्राध्यापक देश सोडून चालले होते, आणि अशात ही संस्था वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासकांना एकत्र आणून गट करत होती, एम.ए.-पीएचडीच्या मुलांना थिसिस पूर्ण करायला छोटी छोटी अनुदानं देत होती, जर्नल छापत होती. हे काम कोण करतं? अर्ज वाचणारे, संपादक, इंग्रजी-फ्रेंच-पोर्तुगीज-अरबी असं चार भाषांत भाषांतर करणारे, लायब्ररियन, अनुदान देणाऱ्यांना पैशाचा हिशोब देणारे अकाउंट्सचे लोक. यातलं एकही काम कमी दर्जाचं नाही, आणि यातली बरीच कामं पीएचडी नसतानाही करता येतात. हे घरी नक्की सांगा.

आता फील्डवर्क. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे कारण तुमच्या मुलीची कसोटी इथे लागेल. आर्ची मफेजे नावाचे दक्षिण आफ्रिकेचे समाजशास्त्रज्ञ होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते केप टाऊन विद्यापीठात विद्यार्थी होते आणि प्रोफेसर मोनिका विल्सन यांचा लांगा या वस्तीवरचा प्रोजेक्ट चालू होता. लांगा म्हणजे वर्णभेदी सरकारने काळ्या लोकांसाठी वेगळी काढलेली वस्ती. गोऱ्या प्रोफेसर बाईंना तिथे मोकळेपणाने वावरणं अवघड, त्यामुळे प्रत्यक्ष फील्डवर्क बरंचसं मफेजेंनी केलं, खोसा भाषा त्यांची स्वतःचीच होती. बरॅकमध्ये राहणारे कामगार, चर्च, रग्बीचे क्लब, कोण कोणासोबत जेवतो, कोण कोणाला उसने पैसे देतो. त्यात एक गोष्ट अशी दिसते की एकाच गावाकडची माणसं शहरात एका खोलीत राहतात, एकत्र स्वयंपाक करतात, नवीन आलेल्याला काम मिळेपर्यंत सांभाळून घेतात, अगदी आपल्या गिरणगावात कोकणातल्या एका गावची माणसं एका खोलीत राहायची तसं. आता असलं काही फॉर्म भरून घेऊन कळत नाही, तिथे बसावं लागतं, परत परत जावं लागतं आणि लोकांची भाषा यावी लागते.

१९६३ साली ते पुस्तक आलं तेव्हा मफेजेंचं नाव सहलेखक म्हणून आलं. हे त्या काळात साधं नव्हतं. उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून एक प्रसिद्ध संशोधन संस्था होती, तांब्याच्या खाणींच्या शहरांत त्यांनी मोठे सर्व्हे केले, तिथे घरोघरी जाऊन माहिती आणणारे, भाषांतर करणारे आफ्रिकन असिस्टंट होते, पण पुस्तकांवर नावं बहुतेक युरोपियन संशोधकांचीच. त्या शहरांत रविवारी खाणकामगारांचा कालेला नावाचा नाच व्हायचा, इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट, आणि नाचणाऱ्यांमधून पांढऱ्या कपड्यांतली एक 'नर्स' आरसा आणि रुमाल घेऊन फिरायची, म्हणजे नाचता नाचता सगळ्यांनी नीटनेटकं दिसावं म्हणून. त्यावरचा १९५६ चा निबंध आजही मुलं शिकतात. पण गाण्यांतले टोमणे कुठल्या जमातीला आहेत हे ओळखायला ती भाषा रोज बोलणारा माणूसच लागतो. तुमच्या मुलीने कुठल्याही प्रोजेक्टवर जाण्याआधी विचारायचं, माझं नाव कुठे येणार? लाजायचं नाही. हा हक्क आहे.

मफेजेंचं पुढे काय झालं तेही सांगते. १९६८ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना लेक्चरर म्हणून निवडलं आणि सरकारच्या दबावाखाली नेमणूक मागे घेतली. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या इमारतीत ठिय्या दिला, पण नोकरी मिळाली नाही ती नाहीच. उरलेलं बहुतेक आयुष्य त्यांनी देशाबाहेर शिकवण्यात काढलं आणि कोडेस्रियाच्या मोठ्या विचारवंतांपैकी एक झाले. विद्यापीठाने माफी मागितली ती कित्येक दशकांनी. नोव्हेंबर १९९० मध्ये युगांडाच्या राजधानीत, कंपालात आफ्रिकन अभ्यासकांनी बौद्धिक स्वातंत्र्याचा जाहीरनामा केला त्यामागे असे कित्येक अनुभव होते.

बायका कुठे आहेत असं तुम्ही विचारलं नाहीये पण मनात असणारच. कोडेस्रियातही सुरुवातीला पुरुषांचाच आवाज होता. आयेशा इमाम, अमिना मामा, फातू सो अशा अभ्यासक बायकांनी नव्वदच्या दशकात ठासून सांगितलं की बाईचं काम, घर, शेती मोजलीच नाही तर तुमचं समाजशास्त्र अर्धं आहे. मुलीला या तिघींचं काम वाचायला सांगा, मोठ्या पुरुषांच्या आधी.

आता कोण विचारणार हा प्रश्न. ताई, खोटी आशा दाखवत नाही. कोडेस्रियाची अनुदानं मुख्यतः आफ्रिकन अभ्यासकांसाठी आहेत आणि तसंच असायला हवं, संस्था त्यासाठीच काढलीये. मुलगी तुम्हाला महमूद ममदानी या अभ्यासकाचं नाव सांगेल, जन्म मुंबईचा, या संस्थेचे अध्यक्ष होते, पण ते कंपालात वाढलेले युगांडाचे नागरिक आहेत, १९७२ मध्ये तिथल्या हुकूमशहाने, इदी अमीनने, आशियाई लोकांना हाकललं तेव्हा तेही बाहेर पडले आणि नंतर परत गेले. म्हणजे ते तिथलेच. पण त्यांची एक गोष्ट तिच्या कामाची आहे. २०१० मध्ये ते कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठातल्या संशोधन संस्थेचे संचालक झाले तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की इथले अभ्यासक एनजीओ आणि देणगीदारांच्या कन्सल्टन्सी करत बसलेत, प्रश्न दुसऱ्याचे आणि आपण फक्त उत्तरं गोळा करतोय, म्हणून त्यांनी तिथेच पूर्णवेळ पीएचडी सुरू केली, आधी भरपूर वाचन आणि मग फील्ड. आपल्याकडेही सर्व्हे एजन्सीच्या कामात मुलं अशीच अडकतात, पैसे लवकर दिसतात ना. एखादं वर्ष करावं, शिकायला मिळतं, पण त्यातच राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पोटाचं बोलू. नेट ही प्राध्यापकीसाठीची परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, पण ती थोड्यांनाच मिळते. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. नंतरच्या प्राध्यापकीचं तुम्हाला माहितीच आहे, नेट-सेट होऊन तासिका तत्त्वावर शिकवणारे तुमच्या आसपासही असतील. म्हणून फक्त प्राध्यापकीवर भिस्त ठेवू नका, संपादन, भाषांतर, आर्काइव्ह, मुलाखती शब्दशः उतरवणं ही कौशल्यं बरोबरीने हवीत. एका तासाची मुलाखत उतरवायला पाच-सहा तास सहज जातात, ते करायचा पेशन्स आहे का हे आत्ताच कळेल.

आणि त्यासाठी विमानात बसायची गरज नाही. पुण्यात सुदान, टांझानिया, नामिबियाची मुलं शिकतात, त्यांना घर भाड्याने मिळताना काय होतं, ती कुठे जमतात, रविवारी काय करतात, यावर एम.ए.चा प्रबंध करता येईल. इतिहासाची आवड असेल तर मलिक अंबर आहे, इथिओपियातून गुलाम म्हणून आला आणि निजामशाहीचा वजीर झाला, कबर खुलताबादला आहे, शिवाय जंजिऱ्याचे सिद्दी आहेत, आणि त्यासाठी लागणारी मोडी मराठी मुलीला शिकायला सोपी. आफ्रिकेवर असं मोघम म्हणणं मात्र तिने सोडावं, चोपन्न देश आहेत, एक प्रदेश निवडायचा. पश्चिम आफ्रिका असेल तर फ्रेंच, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला शिकता येतं. पूर्व आफ्रिका असेल तर स्वाहिली. पुढे पीएचडीसाठी मुंबई विद्यापीठात, कलिन्याला, आफ्रिकन स्टडीजचं केंद्र आहे, दिल्ली विद्यापीठात १९५५ पासून विभाग आहे, जेएनयूतही आहे. तिन्हीकडच्या प्राध्यापकांचं काम वाचून मगच मेल करायचा, 'मला आफ्रिकेत रस आहे' एवढ्यावर कोणी उत्तर देणार नाही.

एमपीएससीचं म्हणाल तर दोन्ही अर्धं-अर्धं करू नका. बाबा आणि मामांना सांगा, एम.ए. संपेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष तिला द्या, त्यात नेट, एक भाषा आणि हा प्रबंध. वर्षाने भाषेचा कंटाळा आला असेल, मुलाखती नकोशा झाल्या असतील तर एमपीएससीचं वय कुठे गेलेलं नाही. तिने कुठला प्रदेश ठरवला ते मला कळवायला सांगा, आणि यावेळी पत्र तिने लिहू दे.